फोनचा कारभारी आणि पारावरची मते

मंडळी, मागच्या पाठात आपण बँकेचे पासबुक वाचायला शिकलो. जमा म्हणजे काय, नावे म्हणजे काय, शिल्लक कोठे पाहावी, हे आता तुम्हांला येते. या पाठात आपण खिशातल्या फोनविषयी वाचू.

आपल्या देशात मोबाइल फोनवरून पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले. दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ते ऐकले. तेव्हा आम्ही शाळेत शिकवत होतो. गावात एकच फोन होता. तो पोस्टात होता. कोणी त्यावर बोलू लागला की सारी आळी ऐकायची. आज गुराख्याच्या कमरेलाही फोन आहे.

फोन आला, आणि त्याच्यामागून मते आली. आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढे पिंपळाचा पार आहे. दिवेलागणीला तिथे दहा-पंधरा माणसे बसतात. पाऊस, कांद्याचा भाव, निवडणूक, यांवर जशी मते निघतात, तशी आता फोनवरही निघतात. कोणी म्हणतो, "अपडेट करू नका, फोन मंदावतो." कोणी म्हणतो, "महाग फोन घ्या, त्याला कसली भीती नाही." कोणी म्हणतो, "आपल्याकडं काय हाय चोरायला?" कोणी म्हणतो, "बटणाचा साधा फोनच बरा."

यांतली काही मते खरी आहेत. काही अर्धी खरी आहेत. आणि काही मतांनी माणूस बुडतो. आम्हीही त्या पारावर बसतो, आमचेही मत असे. त्या मतापायी एका मावशींचे साडेचौदा हजार रुपये गेले. ती गोष्ट आधी सांगतो. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो.

१. मावशींची चिठ्ठी

या मावशी आमच्या वाडीतल्या. त्यांना दोन म्हशी आहेत. यजमान वारले आहेत, मुलगी सासरी आहे. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी त्यांच्या बँकेच्या खात्यावर येत. नातवाने त्यांना जुना फोन दिला आणि त्यात पैसे पाठवण्याची सोय करून दिली. पैसे पाठवताना चार आकडे घालावे लागतात. त्यांना पिन म्हणतात.

मावशींना तेव्हा वाचता येत नव्हते. पिन लक्षात राहीना. त्या आमच्याकडे आल्या.

"गुरुजी, माझं डोकं म्हंजे फुटकं मडकं. ते चार आकडे तेवढे लिहून द्या."

आम्ही चिठ्ठी लिहून दिली. मोठे मोठे चार आकडे काढले. वर म्हणालो, "फोनच्या मागच्या कव्हरात ठेवा, म्हणजे हरवायची नाही." फोनला कुलूप घालू का, असे नातू विचारत होता. आम्हीच त्याला म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाला कशाला ते लचांड? फोन घरातच तर असतो."

पुढे तालुक्याच्या आठवड्याच्या बाजारात मावशींचा फोन पिशवीतून गेला. चोराला फोन मिळाला. फोनला कुलूप नव्हते. कव्हर उघडले तर चिठ्ठी. चिठ्ठीवर चार आकडे, शाळामास्तराच्या सुंदर अक्षरात. त्याच दुपारी खात्यातून १४,५०० रुपये गेले. पेंडीचे आणि दवाखान्याचे पैसे होते ते.

मावशी रडत पारावर आल्या. तिथेही मते निघाली. "गेला तो गेला." "पोलीस काय करणार?" "बँकेत सोमवारी जा." या मतामतांत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. मग पोलिसांत गेलो. पैसे पुढे कुठल्या कुठे निघून गेले होते. एक रुपयाही परत आला नाही.

आम्ही मावशींना भरपाई देऊ केली. त्यांनी निम्मे पैसे घेतले. उरलेल्या निम्म्यांबद्दल म्हणाल्या, "चिठ्ठी मीच मागितली होती, गुरुजी. निम्मी चूक माझी."

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास सुरू केला. विचारले, वाचले, तपासून पाहिले. तेच या पाठात लिहिले आहे.

२. फोनचा कारभारी कोण?

एक मोठा वाडा आहे असे समजा. वाड्याला कोठी आहे, तिजोरी आहे, माजघर आहे. दारावर रोज माणसे येतात. कोणाला कोठीत जायचे असते, कोणाला माजघरात. कोणाला कुठली किल्ली द्यायची हे कोण ठरवतो? वाड्याचा कारभारी.

फोन हाही तसाच वाडा आहे. त्यात फोटो आहेत, नातेवाइकांचे नंबर आहेत, बँकेची वाट आहे. फोनमधला कारभारी दिसत नाही, पण सारे काम तोच पाहतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बोली नाव लांब आहे, म्हणून आपण कारभारीच म्हणू.

फोनमध्ये मुख्यतः दोन जातींचे कारभारी आढळतात. एकाचे नाव अँड्रॉइड. हा गूगल कंपनीचा. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. गूगलचा हा कारभारी पुष्कळ कंपन्या आपल्या फोनांत घालतात. म्हणून खेड्यापाड्यांत बहुतेक फोन अँड्रॉइडचे असतात. दुसऱ्याचे नाव आयओएस. हा अॅपल कंपनीचा. तो फक्त अॅपलच्या आयफोनमध्ये असतो. पहिला आयफोन २००७ साली निघाला.

ग्रामपंचायतीतल्या किंवा शाळेतल्या संगणकालाही कारभारी असतो. तिथे पुष्कळदा मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज असतो. कोठे कोठे लिनक्स असतो. लिनक्सची गोष्ट मोठी चांगली आहे. १९९१ साली फिनलंड देशातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि जगाला मोकळा करून दिला. गावच्या आडाचे पाणी जसे सर्वांना, तसे ते. आपल्या अँड्रॉइडच्या गाभ्यातही लिनक्सच आहे.

फोनमध्ये जी निरनिराळी कामे करणारी साधने असतात, त्यांना अॅप म्हणतात. अॅप म्हणजे वाड्यावर आलेला पाहुणा. पाहुणा आला की कारभारी मालकाला विचारतो, "याला कॅमेरा वापरू द्यावा का? याला तुमचे संदेश वाचू द्यावेत का?" मालक कोण? तुम्ही. पूर्वी आपण न वाचताच 'हो' दाबत होतो. आता वाचता येते. वाचून मग उत्तर द्या. विजेरीचे अॅप असेल आणि ते तुमचे संदेश वाचायला मागत असेल, तर विजेरीला संदेश कशाला हवेत? 'नाही' म्हणा.

एक सोय सांगून ठेवतो. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी करता येते. फोनच्या सेटिंगमध्ये भाषा हा शब्द असतो. नातवाकडून एकदा तेवढे करून घ्या. कारभारी मग तुमच्याशी मराठीत बोलू लागेल.

३. पहिले मत : "अपडेट करू नका, फोन मंदावतो"

अपडेट म्हणजे कारभाऱ्याची दुरुस्ती. वाड्याच्या भिंतीला कोठे भगदाड पडले असले, तर चोर तेथून शिरतो. भगदाड कळले की कंपनी ते बुजवायचे साहित्य पाठवते. ते साहित्य म्हणजे अपडेट.

आता पारावरचे मत पाहू. ते सर्वस्वी खोटे नाही. फोन फार जुना असला, त्यात जागा कमी असली, तर मोठ्या अपडेटनंतर तो मंदावतो. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपल कंपनीने स्वतः मान्य केले, की बॅटरी जीर्ण झालेल्या काही जुन्या आयफोनांचा वेग अपडेटद्वारे कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. लोक रागावले. पुढे कंपनीने बॅटरी स्वस्तात बदलून दिली. म्हणजे पारावरचा माणूस अगदीच हवेत बोलत नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजचे एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती दिली. पुष्कळांनी ती लावली नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा एक घातक प्रोग्रॅम त्याच भगदाडातून सुटला. सुमारे १५० देशांतले संगणक त्याने कुलूपबंद केले आणि सोडवायला खंडणी मागितली. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती!

तर मग काय करावे? फोन मंदावला तर काम सावकाश होते. भगदाड राहिले तर घर धुतले जाते. यांत मोठे नुकसान कोणते, ते तुम्हीच ठरवा. अपडेट करण्याआधी फोन चार्जिंगला लावा. नको असलेले जुने व्हिडिओ पुसा, म्हणजे जागा होईल. घरी वायफाय नसले तर पंचायतीत किंवा शाळेत विचारा.

मात्र एक ध्यानात ठेवा. अपडेट फोनच्या सेटिंगमधूनच करायचे. कोणी संदेशातून पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवून करायचे नाही. गवंडी आपण बोलावलेला असावा. आपणहून भिंत फोडायला आलेला नसावा.

४. दुसरे मत : "महाग फोनाला भीती नाही"

आमच्या पुतण्याने हप्त्यावर महाग फोन घेतला. त्याला वाटे, आता चिंता नाही. फोन चांगला होता यात शंका नाही. पण चांगले कुलूप आणि शहाणा मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकच किल्ली चोराच्या हातात देऊ लागला, तर पितळी कुलूप काय आणि लोखंडी कुलूप काय!

फोन घेताना किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. "याला अपडेट किती वर्षे मिळणार?" हा प्रश्न ऐकून दुकानदार चमकेल. चमकू द्या. गूगलने २०२३ साली आणि सॅमसंगने २०२४ साली आपल्या काही महाग फोनांना ७ वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. स्वस्त फोनांना याहून कमी वर्षे मिळतात. जुना वापरलेला फोन घेत असाल, तर त्याची अपडेटे थांबली आहेत काय हे आधी पाहून घ्या. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटचा महिना आणि साल लिहिलेले असते. तुम्हांला आता महिना वाचता येतो, साल वाचता येते. दुकानात उभ्याउभ्या वाचा.

संगणकाचेही असेच. विंडोज १० या कारभाऱ्याला मिळणारा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पंचायतीच्या किंवा सोसायटीच्या संगणकावर तो अजून असेल, तर ग्रामसभेत विचारा, "याची सोय काय केली?" दाखले आपले, नावे आपली. विचारायचा हक्कही आपला.

५. तिसरे मत : "आपल्याकडं काय हाय चोरायला?"

हे मत पारावर सर्वांत आवडते. बोलायला बरे वाटते, माणूस साधा दिसतो. पण विचार करा. मावशींकडे काय होते? दुधाचे पैसे.

खात्यात पैसे नसले तरी चोराला तुमचा उपयोग असतो. फोनमध्ये शंभर नातेवाइकांचे नंबर असतात. तुमच्या नावाने तो त्यांना संदेश पाठवतो, "दवाखान्यात आहे, पाच हजार पाठवा." तुमच्यावर विश्वास ठेवून ते फसतात.

आणखी एक चाल आहे. कोणी येतो आणि म्हणतो, "तुझं बँकेचं खातं मला वापरायला दे, महिन्याला दोन हजार देतो." दुसऱ्याचे लुबाडलेले पैसे त्याला तुमच्या खात्यातून फिरवायचे असतात. पोलीस माग काढत येतात, तेव्हा खात्यावर नाव कोणाचे असते? तुमचे. म्हणून आपले खाते, आपले सिमकार्ड, आपले एटीएम कार्ड कोणालाही भाड्याने देऊ नये. पाहुणा असला तरी देऊ नये.

६. चौथे मत : "बटणाचा साधा फोनच बरा"

या मतात थोडे तथ्य आहे. साध्या फोनमध्ये अॅप फारसे घालता येत नाहीत. त्यामुळे खोटी अॅपे शिरण्याचा धोका कमी. साध्या फोनवरूनही बँकेचे पैसे पाठवता येतात. त्यासाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३ पे ही सोय सुरू झाली.

पण ठकाचा फोन साध्या फोनवरही येतो. ओटीपीचा संदेश साध्या फोनवरही येतो. आकडे तोंडाने सांगितले, की फोन कोणताही असो, पैसे जातात. ज्याला साधा फोन सोयीचा, त्याने साधा वापरावा. मात्र त्याने निश्चिंत राहू नये.

७. तीन किल्ल्या

फोनच्या तीन किल्ल्या आहेत. तिन्ही ओळखा.

पहिली किल्ली, फोनचे कुलूप. फोन हातात घेतला की आधी आकडे किंवा बोटाचा ठसा मागितला पाहिजे. चार आकड्यांचे कुलूप असेल तर एकूण १०,००० जोड्या होतात. सहा आकड्यांचे असेल तर १० लाख होतात. म्हणून सहा आकडे बरे. १२३४ ठेवू नका. जन्माचे साल ठेवू नका. चोर ते आधी पाहतो.

दुसरी किल्ली, यूपीआय पिन. यूपीआय म्हणजे फोनवरून खात्याखात्यांत पैसे पाठवण्याची व्यवस्था. ती २०१६ साली सुरू झाली. पिन चार किंवा सहा आकड्यांचा असतो. पिन लागतो तो पैसे देताना आणि शिल्लक पाहताना. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. मोठ्याने वाचा. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही.

पिन लिहून ठेवू नका. मग लक्षात कसा ठेवावा? आपल्यालाच ठाऊक असलेल्या दोन गोष्टी जोडाव्या. समजा, माहेरच्या विहिरीला ३२ पायऱ्या आणि लग्नात आलेल्या बैलगाड्या ०७. झाला पिन, ३२०७. हा आता छापून आला, तेव्हा हा घेऊ नका. तुमच्या मनातला घ्या. आणि पिन विसरला तर घाबरू नका. बँकेत विचारून तो फोनवर नवा करता येतो. विसरलेला पिन पुन्हा करता येतो. चोरीस गेलेले पैसे पुन्हा येतीलच असे नाही. आम्हांला हे आधी कळते, तर आम्ही ती चिठ्ठी लिहिली नसती.

तिसरी किल्ली, ओटीपी. हे एकाच वेळेपुरते आकडे असतात. ते संदेशातून येतात. काही मिनिटांनी ते निरुपयोगी होतात. बँकेचा संदेश पुष्कळदा इंग्रजीत असतो. त्यातली तीन अक्षरे अशी ओळखा. पहिले अक्षर पूर्ण गोल. दुसरे अक्षर खांब आणि त्यावर आडवी तुळई. तिसरे अक्षर काठी आणि तिच्या डोक्याला बांधलेली पिशवी. ही तीन अक्षरे एकापुढे एक दिसली, की तो ओटीपी. बँकेचा माणूस, पोलीस, तलाठी, सरकार, यांपैकी कोणीही फोन करून ओटीपी विचारत नाही. जो विचारतो तो ठक.

८. ठकांच्या चार चाली

म्हैस विकायची चाल. तुम्ही म्हैस विकायला काढली. एकाचा फोन येतो. "आम्हांला पसंत आहे. बयाणा पाठवतो. हा चौकोन स्कॅन करा आणि पिन घाला." स्कॅन करून पिन घातला की तुमचेच पैसे जातात. का? पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही.

लग्नपत्रिकेची चाल. संदेशातून लग्नपत्रिका येते. कधी पत्रिकेऐवजी दंडाची पावती येते, कधी पीएम किसानची यादी येते. तिच्या नावाच्या शेवटी एक टिंब आणि तीन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर तंबूसारखे, मध्ये आडवी काठी. दुसरे अक्षर काठीच्या डोक्याला पिशवी. तिसरे अक्षर उभी काठी आणि तिला टेकलेले दोन फाटे. ही अक्षरे एपीके. ती असली तर ती पत्रिका नव्हे. तो अॅप आहे. तो आत आला, की तुमचे संदेश वाचू शकतो आणि ओटीपी चोरू शकतो. अँड्रॉइडचा कारभारी अशा वेळी विचारतो, "अनोळखी ठिकाणचे अॅप घ्यावे काय?" 'नाही' म्हणा. लग्नाला जायचेच असेल तर नवरदेवाच्या बापाला फोन करून तारीख विचारा.

मदतीची चाल. "तुमचं खातं बंद पडतंय. हे अॅप घाला, मी इथून दुरुस्त करतो." ते अॅप घातले की तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो. तुम्ही पिन घालता, तो पाहतो.

अटकेची चाल. पोलिसांचा पोशाख घातलेला माणूस व्हिडिओवर दिसतो. म्हणतो, "तुमच्या नावाने गुन्हा आहे. फोन बंद करू नका. कोणाला सांगू नका. पैसे भरा." याला ते डिजिटल अटक म्हणतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून हेच देशाला सांगितले. शिकलेले, मोठ्या हुद्द्यांवरचे लोकही या चालीत फसले आहेत. भीती वाटली तर फोन ठेवा आणि शेजाऱ्याला हाक मारा. ठकाला सर्वांत जास्त भीती वाटते ती दुसऱ्या माणसाची.

९. फोन गेला किंवा पैसे गेले, तर

पारावर बसू नका. हे करा.

एक. पैसे गेले तर १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करा. स्वतःचा फोन नसेल तर शेजाऱ्याचा घ्या. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ढकलतो. लवकर कळवले तर ते वाटेतच अडवता येण्याचा संभव असतो.

दोन. बँकेला कळवा. बँकेचा मदत नंबर आजच कागदावर लिहून देवघरात लावा. पिन लिहायचा नाही, मदत नंबर अवश्य लिहायचा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी बँकेकडून खबर मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले तर नुकसान ग्राहकावर पडू नये, असे त्यात सांगितले. पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाज धरून घरी बसू नका. एका तासाला किंमत आहे.

तीन. फोन चोरीस गेला असेल तर सिमकार्ड बंद करा आणि पोलिसांत तक्रार द्या. तक्रारीची पोच घ्या.

चार. प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा आपला नंबर असतो. त्याला आयएमईआय म्हणतात. बैलाला जसा डाग, तसा फोनला हा नंबर. *#०६# असे दाबले की तो दिसतो. फोनच्या खोक्यावरही असतो. तो आजच वहीत लिहून ठेवा. सरकारच्या संचार साथी या सोयीतून चोरीचा फोन त्या नंबरावरून बंद करता येतो. सोय २०२३ साली सुरू झाली.

१०. मावशींचा दुसरा फोन

त्या चोरीनंतर मावशी साक्षरता वर्गात येऊ लागल्या. दोन वर्षे आल्या. धार काढून, हात धुऊन, पदराला हात पुसत येत. पहिले सहा महिने त्यांचा 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्याशी तंटा चालला होता. नवा फोन त्यांनी स्वतः घेतला. पिन स्वतः ठेवला. तो आम्हांलाही ठाऊक नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या ओट्यावर बसून आमच्या घरच्यांशी बोलत होत्या. फोन वाजला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. "आजी, पीएम किसानचे दोन हजार अडकलेत. आता एक नंबर येईल, तेवढा सांगा."

संदेश आला. मावशींनी फोन दूर धरला. बोट ठेवून एकेक अक्षर पाहिले. आम्ही पुढे होऊन वाचून देणार होतो. त्यांनी हाताने थांबवले.

"गोल हाय. तुळई हाय. पिशवी हाय," त्या हळूच म्हणाल्या. मग फोन कानाला लावला. "दादा, हे ओटीपी हाय. मला वाचता येतं."

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग फोन बंद झाला.

आम्ही चाळीस वर्षे मुलांना शिकवले. परीक्षेत पहिले आलेले विद्यार्थी पाहिले. पण त्या दिवशी मावशींनी जे वाचन केले, तसे वाचन आम्ही फार थोड्यांचे ऐकले आहे.

मंडळी, पारावर अवश्य बसा. मते ऐका. आमचेही मत ऐका. पण आपल्या फोनवरचा संदेश आपण स्वतः वाचा.

ध्यानात ठेवा

१. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही.
२. ओटीपी कोणालाही सांगू नये. घरी आलेल्या पाहुण्यालाही नाही आणि गुरुजींनाही नाही.
३. फोनला कुलूप असावे. चिठ्ठी नसावी.
४. अपडेट सेटिंगमधूनच करावे.
५. पैसे गेले तर लगेच १९३०.

नवे शब्द

कारभारी (ऑपरेटिंग सिस्टिम) : फोनचे सारे काम पाहणारी व्यवस्था.
अॅप : फोनमधले एखादे काम करणारे साधन.
अपडेट : कारभाऱ्याची किंवा अॅपची दुरुस्ती.
पिन : पैसे देताना घालायचे गुप्त आकडे.
ओटीपी : एकाच वेळेपुरते आकडे.

प्रश्न

१. मावशींचे पैसे जाण्यात गुरुजींच्या दोन चुका कोणत्या?
२. "आपल्याकडं काय हाय चोरायला?" असे म्हणणाऱ्याला तुम्ही काय उत्तर द्याल?
३. फोन विकत घेताना किमतीबरोबर कोणता प्रश्न विचारावा?
४. मावशींनी निम्मेच पैसे का घेतले? तुम्ही असता तर काय केले असते? वर्गात बोला.

घरी करा

आपल्या फोनचा १५ आकड्यांचा नंबर वहीत लिहा. बँकेचा मदत नंबर आणि १९३० हा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. मग हा पाठ घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा.